पास्कूमास्तरांची फुंक

आमच्या बँडमधली माणसं कमी होत गेली तसे किस्से वाढत गेले. सतरा जण होतो तेव्हा सांगण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं, कारण सगळ्यांची तोंडं वाजवण्यात गुंतलेली! आता आठ उरलोय. रविवारी सकाळी मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कच्या कोपऱ्यावर चहाला जमतो. पहिला घोट पोटात जायच्या आत कुणीतरी म्हणतं, "तो नाखव्याच्या मयताचा किस्सा आठवतो का रे?" झालं! चहा थंड.

बँड भाईंदरजवळच्या उत्तन गावचा. सगळे तिथले जुने ख्रिश्चन. कुणी मासेमारीतला, कुणी शेतीतला, कुणी मुंबईत नोकरी करणारा. त्यांच्यात मी एकटा सावंत, गिरगावातून मीरा रोडला आलेला, क्लॅरिनेटवाला. आणि आमचे पुढारी पास्कूमास्तर, ट्रम्पेट. आता एकोणऐंशीचे आहेत.

मागचं वर्षभर आमच्यात एकच विषय होता. मास्तर आपल्या नातीच्या, लिझाच्या लग्नात वाजवणार की नाही? "दात गेले, फुंक गेली, आता न्हाय," म्हणून त्यांनी ट्रम्पेट पेटीत बंद केलेला. लिझा म्हणाली, "पपांनी वाजवलं नाही तर मी घरातून निघणारच नाही." नातवंडंही त्यांना पपाच म्हणतात. दोघांचा हट्ट एकाच कारखान्यातला! आम्ही मधे सापडलो होतो.

त्या लग्नाचं सांगतोच. पण आधी मास्तर म्हणजे काय चीज आहे ते कळायला हवं.

*

मास्तर पंचविशीत असतानाची गोष्ट. तेव्हा सिनेमाचं गाणं रेकॉर्ड व्हायचं म्हणजे पन्नास-साठ वादक एका हॉलमध्ये बसायचे. एकाची चूक झाली की साठही जणांनी पुन्हा पहिल्यापासून! एकदा तिथला एक ट्रम्पेटवाला आजारी पडला आणि कुणाच्या तरी ओळखीनं बदली म्हणून उत्तनच्या पास्कूला बोलावणं आलं.

पास्कूच्या वाट्याला किती आलं? चार बार. म्हणजे तालाचे चार तुकडे, घड्याळ लावलं तर सात-आठ सेकंद. त्यासाठी माणूस सकाळी सहाला घरातून निघाला आणि संध्याकाळी परतला. गाणं मात्र असलं हिट झालं की विचारू नका. नाक्यानाक्यावर तेच.

गावात रेकॉर्ड प्लेअर एकच, जुजे नाखव्याकडे. पास्कू रोज संध्याकाळी हजर. सुई उचलायची, बरोब्बर आपल्या चार बारांवर ठेवायची, ऐकायचं, पुन्हा उचलायची. आलेल्यागेलेल्याला ऐकवायचं. शेवटी नाखवा वैतागला, "अरे पास्कू, गानारीन पन बरी गाते रे! तिला पन ऐकू दे जरा!"

ती रेकॉर्ड अजून मास्तरांच्या घरी आहे. मी ऐकलीय. अख्खं गाणं अजून स्वच्छ वाजतं. गायिका, व्हायोलिनं, सगळं सगळं. फक्त मास्तरांच्या चार बारांच्या जागी नुसती खरखर!

*

मी बँडमध्ये आलो ते आग्नेलमुळे. आग्नेल सॅक्सोफोन वाजवायचा आणि ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. एकदा डबा खाताना मी गुणगुणत होतो, तर म्हणाला, "तुला ऐकून सारेगम लिहिता येतं?" म्हटलं, येतं. वडिलांनी पेटी शिकवली होती. त्या शनिवारी त्यानं मला उचलून थेट भाईंदरच्या थिएटरात नेलं.

कारण लग्नाचा सीझन तोंडावर होता. लोकांना बँडवर कालच्या पिक्चरचं गाणं आज पाहिजे असतं, कॅसेट बाजारात यायला वेळ, आणि छापील नोटेशन तर मिळायचंच नाही. मग आमची पद्धत अशी. पाच जण एका रांगेत. आग्नेलनं मुखडा लिहायचा, मी अंतरा, तिसऱ्यानं मधलं म्युझिक. मांडीवर वही, हातात पेन्सिल, रुमालात गुंडाळलेला टॉर्च. घरी गेल्यावर मास्तर सगळ्यांचे तुकडे जोडून आपल्या ठिपक्यांच्या नोटेशनमध्ये उतरवणार.

गाणं सुरू झालं की पाच टॉर्च एकदम पेटायचे! मागचा माणूस ओरडला, "भाईसाब, पिक्चर देखने आए हो या पेपर लिखने?"

एका शोमध्ये पुरं व्हायचं नाहीच. त्या एका गाण्यासाठी आम्ही चार शो घेतले. गाणं झालं की उठून बाहेर, पुढच्या शोला पुन्हा आत. डोअरकीपरला आधी वाटलं पिक्चर पडला. मग त्याला कळलं काय चाललंय ते. चौथ्या शोला तो स्वतः समोरच्या चहाच्या टपरीवर धावत आला, "अरे चलो चलो, हीरोईन बगीचे में पहुँच गई!"

त्या पिक्चरमध्ये पुढे काय होतं ते मला आजतागायत माहीत नाही. बायको विचारते तेव्हा मी म्हणतो, बगीचा छान होता.

*

मग आला डिस्को. सगळ्या गाण्यांत ते 'टुंऽऽव टुंऽऽव' आलं. मशीनचा आवाज तो, आमच्या पितळेतून कसा निघणार? नवरदेवाचे मित्र नाचता नाचता थांबायचे आणि आमच्याकडे बघायचे. टुंऽऽव कुठाय?

मास्तरांनी तीन दिवस डोकं लढवलं. मग आमच्या इनासला समोर उभा केला. इनासचं वाद्य युफोनियम, म्हणजे ते पोटाशी धरायचं मोठं पितळी धूड. मास्तर म्हणाले, "वाजवू नको. त्याच्यात तोंड घालून बोल." इनास बोलला, "टुंऽऽव." हुबेहूब! पुढचे दोन सीझन इनासचा भाव असा वधारला की विचारू नका. नवरीपेक्षा त्याचे फोटो जास्त निघायचे.

तेवढ्यात गावातला एक जण कुवेतहून कीबोर्ड घेऊन आला. बटण दाबलं की टुंऽऽव. गावचाच मुलगा म्हणून मास्तरांनी त्याला बँडमध्ये घेतलं. इनासचा चेहरा पडला तो पडलाच. पुढच्याच लग्नात, वरात ऐन रंगात आलेली असताना, कीबोर्डचा आवाज बारीक बारीक होत बंद पडला. सेल संपले! दुकानं लांब. सगळ्या वरातीनं वळून इनासकडे बघितलं.

इनासनं सावकाश घाम पुसला, युफोनियम उचलला आणि म्हणाला, "माजा सेल आईनं भरून दिलेला हाय."

*

जुजे नाखवा गेला तो पावसाळा संपता संपता. तोच, रेकॉर्ड प्लेअरवाला. उत्तनला मयतालाही बँड असतो, हळू चालीत भक्तिगीतं वाजवत चर्चपर्यंत जायचं. पण नाखव्यानं मरायच्या आधी मास्तरांचा हात धरून सांगितलं होतं, "माजं ते गानं वाजव." त्याचं ते गाणं म्हणजे सत्तरच्या दशकातलं क्लबमधलं नाचगाणं. त्यातले शब्द मी इथे लिहू शकत नाही, आणि नाचही!

चर्चचे फादर नुकतेच बदलून आलेले, शिस्तीचे. त्यांनी निरोप पाठवला, फक्त भक्तिसंगीत. मास्तर पेचात पडले. मित्राला शब्द दिलेला, आणि फादरचं मोडायचं नाही. घरातून शवपेटी निघाली तेव्हा मास्तर आमच्याकडे वळून एवढंच म्हणाले, "नाखव्याचं गानं. पन चार पट हळू."

काय सांगू तुम्हाला! ते नाचगाणं चार पट हळू केल्यावर असलं निघालं की काळीज पिळवटलं. म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या. मला स्वतःला क्लॅरिनेट धरवेना. एकट्या नाखव्याच्या बायकोनं ओळखलं. ती रुमालाआडून रडता रडता हसत होती.

सगळं झाल्यावर फादर मास्तरांकडे आले. डोळे ओले. म्हणाले, "मास्तर, फार मनाला लागलं. हे कुठल्या पुस्तकातलं?"

मास्तर म्हणाले, "लई जुनं हाय, फादर. आता छापत न्हायत."

पुढच्या महिन्यात चर्चच्या क्वायरनं त्याचं नोटेशन मागून नेलं!

*

रिमिक्सच्या जमान्यातला किस्सा छोटा आहे. भाईंदरमधलंच गुजराती लग्न. नवरदेव घोड्यावर. आम्ही एक जुनं गाणं वाजवत होतो, तेव्हा टीव्हीवर त्याचंच रिमिक्स दिवसरात्र चाललेलं. दोन मिनिटांत नवरदेव घोड्यावरून वाकला, "अंकल, ये कौन सा वर्जन है? ओरिजिनल बजाओ ना!"

मास्तर म्हणाले, "बेटा, यही ओरिजिनल है।"

"नहीं अंकल, मेरे पास सीडी है।"

एवढ्यात नवरदेवाचे वडील गर्दीतून पुढे आले, "अरे, आ तो मारा लग्नमां वाग्युं हतुं!" आणि तो जाडजूड माणूस दोन्ही हात वर करून असा नाचायला लागला की फेटा उडाला. नाचताना त्यांनी मास्तरांकडे नीट बघितलं आणि थबकलेच. त्यांच्या लग्नातही आमचाच बँड होता! दोघांनी भर रस्त्यात मिठी मारली.

नवरदेव वरून बघत होता. मित्राला म्हणाला, "यार, पापा भी रिमिक्स सुनते हैं!"

आम्ही हसलो खूप. पण घरी जाताना मास्तर म्हणाले, "सावंत, त्याच्या पोराच्या लग्नात कोन वाजवनार?" उत्तर मला आवडणारं नव्हतं.

*

कारण मग डीजे आला. एक टेम्पो, दोन पोरं, आणि आमच्या सतरा जणांपेक्षा मोठा आवाज. कुणाला दोष द्यायचा? माझ्या स्वतःच्या मुलाच्या लग्नात डीजे होता! आमची माणसं गळत गेली. कुणी म्हातारपणानं, कुणी कायमचीच.

आणि मास्तरांचे दात गेले. ट्रम्पेटवाल्याचे पुढचे दात म्हणजे त्याचा पायाच. ओठ त्यावर टेकतात, म्हणून सूर उभा राहतो. मुलानं त्यांना मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या एका दवाखान्यात नेऊन कवळी करून दिली. मी बरोबर होतो. डॉक्टरीणबाई तरुण आणि प्रेमळ. कवळी बसवून म्हणाल्या, "अंकल, अब ये बिस्किट चबाकर दिखाइए।"

मास्तरांनी बिस्किट बाजूला ठेवलं. पिशवीतून ट्रम्पेट काढला आणि दिली फुंक! आवाज असा फाटला की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून निघून गेले. आत काय झालं म्हणून घाबरले असणार!

डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अंकल, दाँत खाने के लिए बनवाए हैं या बजाने के लिए?"

मास्तर म्हणाले, "खाने को तो हिरड्या पुरे हैं।"

दोनदा कवळी घासून घेतली, तरी ट्रम्पेट टेकवला की ती आत सरकायची. रिक्षात बसल्यावर त्यांनी ट्रम्पेट माझ्याकडे दिला. "तू ठेव," म्हणाले. मी घेतला नाही. तेव्हा त्यांचे डोळे भरले. साठ वर्षांतल्या, मी ऐकलेल्या आणि न ऐकलेल्या सगळ्या गाण्यांत हा माणूस होता, आणि आता त्याच्या तोंडून सूर निघत नव्हता. मला रडू आलं ते रिक्षावाल्याच्या आरशात दिसू नये म्हणून मी तोंड फिरवलं.

*

तर आता लिझाचं लग्न. जानेवारी, दुपारी चारची वेळ. संध्याकाळी हॉलवर डीजे ठरलेलाच होता, पण घरातून चर्चपर्यंत नवरीला न्यायला बँड पाहिजे, आणि पुढे पपाच पाहिजेत. शेवटचा महिनाभर तर तिनं धोशाच लावला.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मास्तरांनी मला एकट्याला गाठलं. म्हणाले, "मी कोट घालीन. पुढं चालीन. ट्रम्पेट तोंडाला लावीन. फुंकनार न्हाय. तुमी बाकीचे हायत, भागेल. पोरीला कळता नये."

मला धक्काच बसला. बँडच्या धंद्यात माणसं जास्त दिसावीत म्हणून नुसतं वाद्य धरून चालणारा डमी उभा करतात. मास्तरांना त्याचा एवढा तिटकारा की त्यांनी जन्मात एक डमी बँडमध्ये घेतला नाही. आणि आज स्वतः डमी होणार! मी म्हटलं, "मास्तर, काळजी करू नका. आम्ही आहोत ना."

आता माझं गुपित सांगतो. मागच्या वर्षी मला न्यूमोनिया झाला होता. लिफ्ट बंद असली की दुसऱ्या मजल्यावर धाप लागते. क्लॅरिनेट मी वर्षभर तोंडाला लावलेलं नव्हतं. पण मास्तरांना आणखी ताण कशाला? विचार केला, आग्नेल आहे, इनास आहे. एक क्लॅरिनेट नसलं तर कुणाला कळतंय? मी तर त्या दिवशी क्लॅरिनेटला रीडसुद्धा लावली नाही. रीड म्हणजे ती बोरूची पातळ पट्टी, जी थरथरल्याशिवाय आवाज निघतच नाही.

आठही जण बँडचे मरून रंगाचे कोट घालून उभे राहिलो. एकाचंही बटण लागत नव्हतं. लिझा पांढऱ्या गाऊनमध्ये दारात आली, वडिलांचा हात धरून. अंगणात शंभरेक माणसं. मास्तरांनी ट्रम्पेट ओठांना लावला, मान हलवली. ढोलवाल्या डुमिंगनं ठोका दिला. धम्. धम्. धम्. धम्. आणि आम्ही सगळ्यांनी गाल फुगवले.

धम्. धम्.

बाकी काही नाही!

मी आग्नेलकडे बघितलं. आग्नेल माझ्याकडे बघत होता. इनास आमच्या दोघांकडे. गाल सगळ्यांचे फुगलेले. व्हिडिओवाला पोरगा कानावरचा हेडफोन ठोकत पुढे आला, "अंकल, साउंड नहीं आ रहा, माइक में प्रॉब्लेम है क्या?"

मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतला आणि आमच्याकडे तोंड फिरवलं. लाल झाले होते. म्हणाले, "कोन कोन वाजवत न्हाय? हात वर करा!"

पहिला हात आग्नेलचा. त्याचं ब्लडप्रेशर. मग इनासचा, त्याचं हर्नियाचं ऑपरेशन. मग मागच्या तिघांचे, एकेक करून. मग माझा. प्रत्येकानं दुसऱ्याच्या भरवशावर, मास्तरांना ताण नको म्हणून, गपचूप डमी व्हायचं ठरवलेलं! एकट्या डुमिंगचा हात खाली होता. म्हणाला, "मी वाजवतो हाय ना. ऐकू येत न्हाय?"

लिझा दारात उभी. ती मास्तरांकडे बघत होती, आणि तिला सगळं कळलं होतं. मास्तरांची मान खाली गेली. वाटलं, आता हे ट्रम्पेटची पेटी मागतील.

त्यांनी पेटी मागितली नाही. सरळ तिच्याकडे गेले, तोंडात बोटं घातली, वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या काढल्या आणि म्हणाले, "धर गो."

तिनं हातमोजा घातलेला हात पुढे केला.

पहिली फुंक नुसती हवा. दुसरी पण हवा. तिसऱ्या फुंकेला एक सूर निघाला. फाटका, खाली बसलेला, पण सूर. डुमिंगनं ठोका एकदम हळू केला. मास्तर एक सूर काढायचे, थांबायचे, श्वास घ्यायचे, मग पुढचा. आणि लिझा प्रत्येक सुराला एक पाऊल टाकायची. सूर नाही तर पाऊल नाही. मास्तर थांबले की ती रस्त्यात थांबायची, तिच्याबरोबर वडील थांबायचे, त्यांच्यामागे शंभर माणसं थांबायची. आग्नेलनं ब्लडप्रेशर विसरून मधे मधे सूर धरला. इनासही घुमायला लागला. मी रीड नसलेल्या क्लॅरिनेटवर नुसती बोटं चालवत होतो आणि ढसाढसा रडत होतो.

पाच मिनिटांचा रस्ता. चाळीस मिनिटं लागली. फादर चर्चच्या दारात घड्याळ बघत उभे होते, नवरदेव त्यांच्या मागून डोकावत होता.

दाराशी पोचल्यावर मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतला. ओठ सुजले होते, छाती वरखाली होत होती. त्यांनी नातीपुढे हात पसरला, "दे आता."

लिझानं मूठ घट्ट मिटली. "बाहेर येताना देते, पपा," म्हणाली. आणि एक हात वडिलांच्या हातात, दुसऱ्या मुठीत पपांचे दात घेऊन ती लग्नाला आत गेली.